पाठीवरचे मचाण

मराठी वाचकाला मचाण ठाऊक असते ते दोन ठिकाणांहून. एक जुन्या शिकारकथांमधून आणि दुसरे बुद्ध पौर्णिमेच्या रात्री ताडोबा-मेळघाटात पाणवठ्यावर बसून प्राणी मोजणाऱ्या हौशी मंडळींकडून. दोन्हीकडचे मचाण एका जागी पक्के असते. कोणीतरी ते दिवसाउजेडी बांधून ठेवलेले असते, बसणारा संध्याकाळी येऊन नुसता वर चढतो. त्याचे वजन किती, हा प्रश्न त्याला कधी पडत नाही. अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणाऱ्याला मात्र हाच प्रश्न आधी पडतो. तिथल्या जाहिरातींत मचाणाच्या किमतीशेजारी त्याचे वजन ठळक छापलेले असते, अर्धा किलो वाचवण्यासाठी लोक खुशीने जादा पैसे मोजतात आणि शिड्यांचे पट्टे काढून त्यांच्या जागी दोऱ्या ओवण्यात सुट्टीचे दिवस घालवतात. जी वस्तू चार-पाच तास ढिम्म न हलता बसण्यासाठी घ्यायची, तिच्या वजनाची एवढी चिंता कशाला?

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, तेव्हा पुढचे सगळे अमेरिकेपुरते आहे. तिथे व्हाइटटेल जातीची, म्हणजे पांढऱ्या शेपटीची, हरणे विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार कत्तलीमुळे पाच लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरली होती. आज ती सुमारे तीन कोटी आहेत. बहुतेक भागांतून लांडगे नाहीसे झाले, हरणांनी जंगलातली कोवळी रोपे आणि शहराबाहेरच्या बागा फस्त करायला सुरुवात केली, आणि परवान्याने ठरावीक संख्येत होणारी शिकार हा तिथल्या वनव्यवस्थापनाचा भाग बनला. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे जातो. ही व्यवस्था पटो न पटो, तिच्या पोटात मचाणाचे एक पूर्ण यंत्रशास्त्र तयार झाले आहे आणि ते समजून घेण्याजोगे आहे.

हरणाला जागा कळते

धनुष्याचा पल्ला बंदुकीच्या तुलनेत फारच तोकडा. बहुतेक बाण वीस-तीस मीटरच्या आतच सोडले जातात. एवढ्या जवळ जमिनीवर बसून धनुष्य ताणायचे, तर हरणाच्या नजरेतून सुटणे अवघड. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न वळवता त्याला सुमारे ३०० अंशांचा परिसर दिसतो. शिकाऱ्याने घातलेला भडक नारिंगी रंग त्याला हिरव्यातून फारसा वेगळा काढता येत नाही, पण हालचाल चटकन टिपता येते. पाच-सहा मीटर उंचीवर गेले की माणूस त्याच्या नेहमीच्या नजरेच्या पट्ट्याबाहेर जातो आणि माणसाचा वासही काही प्रमाणात वरून निघून जातो. मचाणाचा उपयोग एवढाच.

पण हा उपयोग टिकाऊ नाही. साउथ कॅरोलिनात ऑबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी नर हरणांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधून त्यांच्या हालचाली तपासल्या, तेव्हा एखाद्या मचाणावर शिकारी बसून गेला की पुढचे काही दिवस हरणे दिवसाउजेडी तो परिसर टाळतात असे आढळले. वाऱ्याचेही तसेच. सकाळी ऊन चढू लागले की तापलेली हवा उताराने वर सरकते, संध्याकाळी गार हवा खाली ओघळते, आणि माणसाचा वास तिच्याबरोबर वाहतो. पहाटे जे झाड उत्तम, तेच सायंकाळी निरुपयोगी ठरू शकते. त्यात कायद्याची भर. विस्कॉन्सिनच्या दक्षिण भागात राज्याच्या मालकीच्या जमिनीवर मचाण दिवस संपताच उतरवून न्यावे लागते. झाडात खिळे किंवा स्क्रू ठोकायलाही अनेक राज्यांत सार्वजनिक जमिनीवर मनाई आहे. स्वतःची जमीन नसलेल्या शिकाऱ्याला दर वेळी नवे झाड, आणि दर वेळी मचाण पाठीवर घेऊन जाणे, याखेरीज मार्ग नाही.

मग वजन मधे येते. नोव्हेंबरच्या पहाटे, शून्याखालच्या तापमानात, पाठीवर पंधरा-वीस किलो घेऊन दीड-दोन किलोमीटर अंधारात चालले की घाम येतोच. तो घाम आतल्या कपड्यांत मुरतो आणि झाडावर बसल्यावर थंड पडतो. तासाभरात शिकारी कुडकुडायला लागतो, आणि कुडकुडणारा माणूस हलतो. शिवाय घामाचा वास वेगळाच. म्हणजे हलके सामान म्हणजे केवळ पाठीला आराम, असे समजण्याचे कारण नाही. जड सामानाचा शिकारी आळसाने त्याच त्या झाडावर परत बसतो आणि हरणे तेवढ्यात त्याला ओळखून मोकळी होतात. हलक्या सामानाचा खरा मोबदला हा की माणूस जागा बदलतो. बदलत नसेल तर हलक्या सामानावर खर्च केलेला पैसा वायाच गेला.

वजन कुठे दडलेले असते

मचाणाचे वजन कमी करायचे तर ते मुळात कशापायी लागते हे पाहायला हवे. हँग-ऑन नावाचा प्रचलित प्रकार घ्या. खोडाला टेकवलेला एक उभा दांडा, त्याच्या तळाशी पुढे आलेला आडवा फलाट आणि वरच्या टोकाला वीतभर बैठक. दांड्याच्या वरच्या भागातून एक पट्टा खोडाभोवती आवळलेला असतो, तळाशी दातेरी कडा सालीत रुतलेली असते. आता कपडे-सामानासह ९० किलोचा माणूस फलाटाच्या पुढच्या कडेवर, खोडापासून ७० सेंटिमीटरवर उभा राहिला असे समजा. त्याचे वजन नुसते खाली दाबत नाही, मचाणाला पुढे उलथवूही पाहते. पट्टा आणि खालची दातेरी कडा यांच्यात ७० सेंटिमीटरच अंतर असेल, तर ते उलथणे रोखण्यासाठी पट्ट्याला जवळजवळ ९० किलोच्याच ओढीने दांडा खोडाकडे खेचून धरावा लागतो. फलाटाची प्रत्येक पट्टी त्या वेळी वाकू पाहत असते.

वाकवणाऱ्या भाराला तोंड देणे हे धातूचे सर्वांत उधळे काम. दांडा वाकतो तेव्हा त्याचा एक पृष्ठभाग ताणला जातो, समोरचा दाबला जातो, आणि मधला भाग जवळपास बिनकामाचा बसून राहतो. म्हणून तर दांडे भरीव न करता नळीचे करतात. पोलादाऐवजी ॲल्युमिनियम वापरले की वजन साधारण एक तृतीयांश होते, पण ॲल्युमिनियमचा ताठपणाही पोलादाच्या एक तृतीयांशच असतो. त्याच मापाची नळी तिप्पट वाकेल. ते टाळायला नळी जाड परिघाची करावी लागते, आणि त्यामुळे ॲल्युमिनियमचे मचाण हलके असले तरी बारीक कधीच नसते. जंगलातल्या झुडपांत अडकते ते वजन नव्हे, हा आकार. आणखी एक गोष्ट जाहिरातीत नसते. पोलादावर ठरावीक मर्यादेखालचा भार कितीही वेळा पडला तरी ते सहसा थकत नाही. ॲल्युमिनियमला तशी सुरक्षित मर्यादा नाही, वारंवारच्या भाराने त्यात, विशेषतः वेल्डिंगच्या सांध्यांशी, बारीक चिरा पडत जातात. म्हणून काही कंपन्या फलाट वेल्डिंगने जोडण्याऐवजी एकसंध ओतीव करतात. सांधे नाहीत, त्यामुळे चिरांची जागा कमी आणि खडखडाटही कमी.

या उधळपट्टीतून सुटण्याचा मार्ग धातू बदलण्यात नाही, भाराची जातच बदलण्यात आहे. कापूस वेचायला आलेली बाई बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी टांगून तान्ह्याला निजवते. तेच वजन पेलायला बाज आणायची म्हटली तर ती डोक्यावरून वाहावी लागेल. झोळीतल्या कापडावर फक्त ताण पडतो, आणि ताणात दोऱ्यान् दोरा कामाला लागतो. बाजेच्या लाकडाला मात्र वाकणे सोसावे लागते. अमेरिकेतले सॅडल म्हणजे शिकाऱ्याची झोळीच. कंबर आणि मांड्यांना कवटाळणारे कापडी आसन, त्याच्या दोन बाजूंना जोडलेला पट्टा, आणि तिथून डोक्याच्या उंचीवर खोडाला बांधलेला दोर, ज्याला टेदर म्हणतात. माणूस खोडाकडे तोंड करून दोरावर भार टाकतो आणि पाय पुस्तकाएवढ्या फलाटावर टेकवतो. दोर खोडाशी ३० अंशांचा कोन करत असेल तर त्यावरची ओढ माणसाच्या वजनापेक्षा जेमतेम पंधरा टक्के जास्त असते. फलाटावर अंगाचा थोडाच भाग येतो आणि तोही खोडालगत, म्हणून फलाट लहान चालतो. मिशिगनचे जॉन एबरहार्ट यांनी अनेक वर्षे पुस्तकांतून या पद्धतीचा पुरस्कार केला. गेल्या दशकभरात ती झपाट्याने पसरली.

झाडावर पोहोचण्याचा खर्च

बसण्याची सोय हलकी झाली तरी वर कसे जायचे? इथेच हलकेपणाचा बराचसा दावा गळतो. लॅडर स्टँड, म्हणजे शिडीलाच जोडलेले आसन, हा त्यातला सगळ्यात सोपा आणि जड प्रकार. दोन-तीन माणसांनी उभा करायचा आणि हंगामभर तिथेच ठेवायचा. स्वतःची जमीन असेल तर यापलीकडे बघायची गरज नाही.

क्लाइंबर नावाचा प्रकार जास्त चतुर. त्याचे दोन भाग असतात, वरचे आसन आणि खालचा फलाट, दोन्हींना खोडाभोवती वळसा घालणारी तार. आसनावर भार टाकून पायांनी फलाट वर ओढायचा, मग फलाटावर उभे राहून आसन वर सरकवायचे, अशी सुरवंटासारखी चढाई. समिट कंपनीचा व्हायपर हा नावाजलेला क्लाइंबर साधारण ९ किलोचा आणि १३६ किलोच्या माणसापर्यंत पेलणारा. त्यात शिड्या लागत नाहीत, हे त्याचे मोठे बलस्थान. पण खोड सरळ आणि खालून वरपर्यंत बिनफांद्यांचे हवे. ओकसारख्या फांद्याळ झाडावर तो निकामी. शिवाय खोड वर जाता बारीक होत जाते, त्यामुळे जमिनीवर समपातळीत बांधलेला फलाट पाच मीटरवर पुढे झुकतो. सराईत माणूस म्हणून सुरुवातीलाच त्याची पुढची कड वर उचलून बांधतो.

हँग-ऑन आणि सॅडल यांना क्लाइंबिंग स्टिक लागतात. अर्ध्या मीटरच्या आसपासचे दांडे, प्रत्येकाला वर-खाली पायऱ्या, एकावर एक अंतर सोडून खोडाला बांधायचे. पाच मीटरसाठी साधारण चार लागतात. दांड्याच्या खाली कापडी पट्ट्याचे पायरीसारखे वळसे टांगले की एक-दोन दांडे कमी पुरतात. टायटॅनियमचे अर्धा किलोचे दांडेही मिळतात, आणि काही जण एकाच दांड्याने टप्प्याटप्प्याने चढून दोरावरून घसरत उतरतात. हा शेवटचा प्रकार अंधारात, गारठलेल्या बोटांनी करायचा, हे लक्षात ठेवून त्याचे कौतुक करावे.

चौकट : संचाचा हिशेब
जाहिरातीत सॅडलचे वजन अर्धा-पाऊण किलो लिहिलेले असते आणि ते खरेही असते. पण त्याबरोबर दोर आणि कड्या १ किलो, फलाट दीड ते ३ किलो, तीन-चार दांडे २ ते ४ किलो हे धरले की आकडा साधारण ५ ते ९ किलोंवर जातो. हलक्या हँग-ऑनचे फलाट-आसन ५ किलो, चार दांडे ४ ते ५ किलो आणि हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा सुरक्षापट्टा, दीड किलो मिळून ११ किलोच्या घरात. क्लाइंबर ९ किलो, अधिक हार्नेस. धनुष्य, बाण, पाणी आणि उबदार कपड्यांचे पाच-सहा किलो तिघांनाही सारखेच. फरक आहे, पण तो दहापटीचा नाही, तीन-चार किलोंचा आहे.

जिथे ग्रॅम वाचवू नयेत

हलक्या सामानाविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप किमतीचा नाही, जिवाचा आहे. आणि तो खरा आहे. शिकाऱ्यांना सुरक्षेचे शिक्षण देणाऱ्या संस्था सांगतात की मचाणावरून पडणे बसलेले असताना क्वचित घडते. घडते ते चढता-उतरताना आणि शिडीवरून फलाटावर पाऊल टाकताना. पक्क्या मचाणावर ही कसरत दिवसातून दोनदा, तीही आधी बांधलेल्या शिडीवर. पाठीवरच्या मचाणात दर फेरीला ते उभे करायचे आणि उतरवायचे, दोन्ही हात कामात, बऱ्याचदा उजाडण्यापूर्वी. सामान हलके झाले, तसे धोक्याचे क्षण वाढले. यावरचे उत्तर जड मचाणाकडे परत जाणे हे नव्हे. वाचवलेल्या वजनातले थोडे सुरक्षेच्या दोरावर खर्च करणे, हे आहे. जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत लाइनमन्स रोप खोडाभोवती हवाच, म्हणजे विजेच्या खांबावर चढणारा कामगार कमरेला घालतो तो वळसा. आणि वर पोहोचल्यावर टेदर बांधल्याशिवाय तो सोडायचा नाही.

दोर कोणता, हेही हलकेपणाच्या नादात चुकते. डायनीमा नावाचा धागा पोलादाच्या तुलनेत वजनाच्या मानाने कित्येक पट बळकट, पाण्यावर तरंगण्याइतका हलका आणि आवाज न करणारा. दांडे खोडाला बांधायला तो झकास. पण तो गुळगुळीत असल्यामुळे त्यात गाठी घसरतात, १५० अंश सेल्सियसच्या आतच वितळतो, आणि मुख्य म्हणजे ताणला जात नाही. माणूस एक मीटर पडून दहा सेंटिमीटरमध्ये थांबला, तर दोरावर सरासरी त्याच्या वजनाच्या अकरा पट भार येतो. ९० किलोच्या माणसासाठी तो जवळपास एक टन. म्हणून जीव ज्या दोरावर टांगायचा तो थोडा ताणणारा, गिर्यारोहणाच्या दर्जाचा, ८ ते ११ मिलिमीटरचा नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा हवा, आणि त्यावर प्रुसिक गाठ किंवा तिच्या जागी यांत्रिक पकड. ऑस्ट्रियाचे कार्ल प्रुसिक यांनी ही गाठ १९३१ साली प्रसिद्ध केली. भार पडला की दोराला आवळते, भार काढला की हाताने सरकते. तिच्यामुळे टेदरमध्ये ढिलाई राहत नाही, आणि ढिलाईच नसेल तर पडण्याला वेग घ्यायला जागा उरत नाही. सॅडलमध्ये दोर सतत ताणलेला असतो हा त्याचा मोठा गुण, मात्र माणूस खोडाजवळ सरकून सरळ उभा राहिला की तोच दोर सैल पडतो, याची जाणीव हवी. हार्नेसवाल्याला आणखी एक धोका. पडून तो नुसता लोंबकळत राहिला तर पायातला रक्तप्रवाह अडून थोड्याच वेळात जिवावर बेतू शकते. म्हणून पाय टेकवायला दोराचा एक वळसा खिशात ठेवायचा. त्याचे वजन शे-दीडशे ग्रॅम.

झाडाकडेही लक्ष द्यायला हवे. एमराल्ड ॲश बोरर हा पोखरणारा किडा अमेरिकेत २००२ मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात पहिल्यांदा आढळला आणि त्यानंतर ॲशची असंख्य झाडे मेली. वाळलेले ॲश ठिसूळ असते, त्याचा माथा अंगावर कोसळू शकतो. शॅगबार्क हिकोरीची साल पापुद्र्यांनी सुटते, तिच्यावर दातेरी कडा धरत नाही आणि आवाजही होतो. झाड निवडताना ग्रॅम मोजायचे कारण नाही.

आक्षेप आणखी काही

हलके सामान महाग असते, हे खरे. पण खर्च ओळीने करावा. सर्वांत आधी हार्नेस किंवा टेदर, मग दांडे, आणि शेवटी फलाट. दांड्यांवरचे बकलवाले पट्टे काढून दोऱ्या लावल्या की थोड्या पैशांत वजनही घटते आणि धातूचा खणखणाटही. दांडे बाहेरून कापडी पट्टीने मढवले की एकमेकांवर आपटून आवाज होत नाही. सॅडल गैरसोयीचे असते, असेही म्हणतात. दिवसभर टांगून बसण्याची सवय नसेल तर गुडघे आणि कमरेची हाडे नक्की दुखतात, म्हणून अर्ध्या दिवसाहून जास्त बसणाऱ्याने हँग-ऑनच घ्यावे, तीन-चार किलोंचा तो फरक योग्यच ठरतो. उंच गेले की फायदा जास्त, हाही समज तपासून घ्यावा. १८ मीटरवरच्या हरणावर ६ मीटर उंचीवरून बाण सोडला तर तो सुमारे १८ अंश खाली उतरतो, ९ मीटरवरच्या हरणावर ३४ अंश. उंची ९ मीटर केली तर जवळच्या हरणासाठी कोन ४५ अंशांचा होतो आणि बाणाला दोन्ही फुप्फुसांतून जाण्याचा मार्ग अरुंद होत जातो. जखमी होऊन पळालेले हरीण हा सगळ्यांत वाईट शेवट. शिवाय जादा तीन मीटरसाठी दोन दांडे जादा, म्हणजे वजनही वाढले.

जुन्या बाजारात यातले बरेच सामान अर्ध्या किमतीत मिळते. सांधे नीट तपासून आणि पट्टे बदलून जुने मचाण किंवा दांडे अवश्य घ्यावेत. हार्नेसवर मात्र तयार केल्याची तारीख छापलेली असते आणि उन्हा-पावसाने त्याचा धागा झिजतो. बहुतेक उत्पादक पाच वर्षांनी तो टाकून द्यायला सांगतात. जुना हार्नेस फुकट मिळाला तरी घेऊ नये.